नंदन संवत्सर

गिरगाव, ९ जुलै २०२५

देवदत्त,

तुझा पत्ता मामाच्या नूपुरकडून मिळाला. तिला रागावू नकोस, ती द्यायला तयार नव्हती, मीच दोनदा मागितला. जुन्या पत्त्यावर केलेली ईमेल परत येते आणि फोन लागत नाही, म्हणून पोस्टाने लिहिते आहे.

सोबत एक फॉर्म आहे. नेरळजवळ वृद्धांसाठी एक निवास आहे, तिथला. बाबांना तिथे ठेवायचं मी ठरवलं आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि सगळ्या मुलांच्या सह्या असल्याशिवाय ते लोक दाखल करून घेत नाहीत. नंतर भावंडं भांडायला येतात म्हणे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर, तारीख घाल आणि परत पाठव.

काय झालं ते थोडक्यात. अकरा एप्रिलला सकाळी चहा पिताना बाबांच्या हातातली कपबशी पडली. मी फरशी पुसायला वाकले आणि वर बघितलं तर त्यांचं तोंड वाकडं झालेलं. परळच्या हॉस्पिटलात अकरा दिवस होते. आता काठी धरून बाथरूमपर्यंत जातात. उजवा हात गेला. बोलणं गेलं. शब्द येत नाहीत, आकडे तेवढे येतात, कशालाही. जेवणार का विचारलं तरी आकडा.

डॉक्टर तरुण आहेत, डॉ. स्पृहा. प्रत्येक खेपेला तेच प्रश्न विचारतात. आपण कुठे आहोत, आज वार कोणता, वर्ष कोणतं चालू आहे. पहिल्या खेपेला वर्ष विचारल्यावर बाबा म्हणाले, "एकशे चौतीस." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "नऊशे पासष्ट." तीसपैकी सहा मार्क पडले.

माझी नोकरी तीच आहे. लोअर परळ, सातवा मजला, औषधांच्या खोक्यावरच्या मराठी सूचना तपासते. दिवसा घरी रमाबाई असतात. त्या डिलाईल रोडहून येतात, नऊ ते सात. त्यांच्या आधी दोघीजणी सोडून गेल्या. हे असं फार दिवस चालणार नाही.

तू यायची गरज नाही. सही पुरे.

क्षितिजा


४ ऑगस्ट २०२५

देवदत्त,

फॉर्म परत आला. सहीची जागा कोरी आणि टाचणीने लावलेली चिठ्ठी : "त्यांना खरंच काही कळत नाही?"

सहा वर्षांनी पाच शब्द. ठीक आहे. उत्तर देते.

मला माहीत नाही. सकाळी मी त्यांची दाढी करते तेव्हा ते गाल फुगवून देतात. वर्तमानपत्र दिलं की डाव्या हाताने धरून बघतात. उलटं दिलं तर सुलटं करतात. पण त्याला समज म्हणायची की सवय, ते मी कसं सांगू? नळ सुरू राहिला तर बंद करत नाहीत. आईच्या फोटोकडे बघत नाहीत. तसे ते आधीही बघत नव्हते.

रमाबाईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, "ताई, तेंका सगळा कळता. तुम्ही ऑफिसात गेलात की माझ्याकडे बघतत नि हसतत." मी त्यांना म्हटलं की असं तुम्हाला वाटतं. त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "माझो घोव गिरणी बंद झाल्यावर दोन वर्षां बोलाक नाय. तेका कळत नव्हता काय?"

बाबा जे आकडे बोलतात ते रमाबाई दुधाच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतात. मी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटतं तो कुणाचा तरी फोन नंबर असावा आणि बाबा तो तुकड्यातुकड्याने सांगत असावेत. परवा संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच म्हणाल्या, "ताई, आज नवीन. आकडो नाय, नाव."

"काय नाव?"

"नंदन. तीनदा म्हणाले. नंदन म्हणजे धाकटे काय? न्यूझीलंडचे?"

मी सांगितलं, धाकट्याचं नाव देवदत्त. त्यांना ते पटलं नाही. नंदन म्हणजे मुलगा, एवढं त्यांना हरिपाठावरून ठाऊक आहे.

हे मी तुला लिहिणार नव्हते. तू विचारलंस म्हणून लिहिलं. फॉर्म पुन्हा पाठवते आहे.

क्षितिजा


३० ऑगस्ट २०२५

देवदत्त,

अजून फॉर्म आलेला नाही. सर्टिफिकेट मात्र मिळालं, एकवीस तारखेला. "स्थळकाळाचे भान नाही. स्वतःविषयीचे निर्णय घेण्यास असमर्थ." निवासवाल्यांना प्रत पाठवली. एक ऑक्टोबरपासून खाट रिकामी होते आहे.

गणपतीमुळे लालबागच्या बाजूने बस वळवल्या आहेत, रमाबाई दोन तास उशिरा येतात. त्यामुळे सकाळी मी घरी असते आणि कपाटं आवरते. आवरताना बाबांच्या वह्या सापडल्या. तुला त्या आठवत असतील. निवृत्त झाल्यावर सुरू केलेलं ते काम, एका पानावर एक वर्ष. इसवी सन एकपासून पुढे. त्या वर्षाला जगात कोण काय म्हणत होतं, कुठल्या कालगणनेत त्याचा आकडा काय, ते सगळं. महिन्याला एक पान, कधी दोन. हिशोब तीनदा ताडून बघायचे आणि मगच शाईने लिहायचे.

शेवटची वही दोनशे बारावर थांबते. पान इथे उतरवते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

"इसवी सन २१२.
शके १३४, नंदन संवत्सर.
विक्रम संवत २६९.
कलियुग ३३१३.
रोम शहराच्या स्थापनेपासून ९६५. (रोममधले लोक आकडा क्वचितच वापरत. त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने वर्ष ओळखत. या वर्षी दोघांचेही नाव ॲस्पर.)
बुद्धनिर्वाण ७५६.
यहुदी ३९७२, शरद ऋतूपासून ३९७३.
हिजरी : सुरू व्हायला अजून चारशे दहा वर्षे.
चिनी :"

यापुढे काही नाही. विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर पेनाची एक बारीक रेघ आहे.

मग मी दुधाचं कॅलेंडर काढलं. रमाबाईंनी तीन महिन्यांत एकोणचाळीस वेळा आकडे लिहिले आहेत. १३४. २६९. ३३१३. ९६५. ७५६. ३९७२. आणि नंदन. यांच्याबाहेरचा एकही नाही.

म्हणजे बाबा वाटेल ते आकडे बोलत नाहीत. डॉक्टर वर्ष विचारतात आणि बाबा एकच वर्ष सांगतात, दर वेळी निराळ्या नावाने. मी सातवीत होते तेव्हा मला हे कळत नव्हतं, एका वर्षाला इतके आकडे कसे. बाबा मला खाली रस्त्यावर घेऊन गेले होते. म्हणाले, "पोस्टमन आपल्या बिल्डिंगला पाच नंबर म्हणतो. म्युनिसिपालिटी सोळा-अ म्हणते. दूधवाला डॉक्टरांची बिल्डिंग म्हणतो, डॉक्टर मरून वीस वर्षं झाली तरी. बिल्डिंग हलली का?"

तेव्हा नंदन हे वर्षाचं नाव आहे. साठ संवत्सरांतलं सव्विसावं. तुला वाटलं असेल की त्यांनी तुझी आठवण काढली, तर तसं नाही. मी मागच्या पत्रात ते अर्धवट लिहिलं याचं वाईट वाटतं.

त्या पानाच्या खाली "काय घडले" असा त्यांचा नेहमीचा मथळा आहे. तिथे लिहिलं आहे : रोमच्या बादशहाने साम्राज्यातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले. आपल्याकडे : निश्चित वर्ष लावता येईल असे काही हाती नाही.

फॉर्म पंधरा सप्टेंबरपर्यंत मिळाला तर बरं.

क्षितिजा


२८ सप्टेंबर २०२५

देवू,

तुझं पाकीट काल आलं. सही आहे, तारीखही बरोबर घातली आहेस. सोबतचं पत्र दोनदा वाचलं. "आईला त्यांनी ज्या खोलीत एकटं ठेवलं त्याहून ती जागा वाईट नसेल. ती हाक मारत होती आणि यांची एक ओळ राहिली होती. तू वही उतरवून पाठवलीस त्याचा मला काही उपयोग नाही."

फॉर्म टेबलावर आहे. मी तो अजून पाठवलेला नाही. तू सही केलीस ती मी तुला सगळं सांगितलेलं नसताना केलीस, म्हणून आधी सांगते. क्रमाने सांगते.

पहिलं. वही मला सतरा ऑगस्टला सापडली, सर्टिफिकेटच्या चार दिवस आधी. मागच्या पत्रात मी ते अशा क्रमाने लिहिलं की नंतर सापडली असं वाटावं. एकवीसला डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, वर्ष कोणतं?" बाबा म्हणाले, "दोनशे एकोणसत्तर." माझ्या पर्समध्ये त्या पानाचा झेरॉक्स होता. डॉक्टर लिहायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे आकडे कशाचे असतील, तुम्हाला काही कल्पना?" मी नाही म्हटलं. त्यांनी शून्य लिहिलं.

दुसरं. आई गेली त्या दुपारचं.

अकरा नोव्हेंबर २०१९, सोमवार. आईच्या आजारपणासाठी मी रजेवर होते, महिना होत आला होता. आई आतल्या खोलीत. बाबा बाहेर टेबलापाशी. मी गॅलरीत होते. काही करत नव्हते. वीस-पंचवीस रात्री मी सलग तीन तास झोपले नव्हते, आणि मला दहा मिनिटं कुणी नको होतं. समोर शिडीवर चढून एक माणूस दुकानाची पाटी रंगवत होता. त्याचा "ट" चालला होता.

आईने हाक मारली. ती बाबांना नव्हती. तू सहा वर्षं समजतो आहेस की ती "अहो" म्हणाली. ती "क्षितू" म्हणाली. दोनदा.

टेबलापासून बाबा म्हणाले, "क्षितू, आई बोलावते आहे गं. बघतेस? माझी एक ओळ राहिली."

मी म्हटलं, "जाते."

आणि गेले नाही. त्याचा "ट" पुरा होईपर्यंत उभी राहिले. मग त्याने शिडी सरकवली, तेही बघितलं. दहा मिनिटं असतील, बारा असतील. बाबांचं डोकं वहीत होतं, त्यांना वाटलं मी आत गेले. मी आत गेले तेव्हा आई पलंगाच्या कडेला आलेली होती आणि तिचा हात खाली लोंबत होता. मी ओरडले तेव्हा बाबा उठले.

डॉक्टर नंतर म्हणाले की कुणी शेजारी बसलं असतं तरी फरक पडला नसता. ते तसं सगळ्यांनाच म्हणतात की खरं होतं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी तू पुण्याहून आलास. बाबांसमोर उभा राहिलास आणि विचारलंस, "तिने हाक मारली होती का?" बाबा म्हणाले, "मारली होती. माझी एक ओळ राहिली होती." मी चहाचा ट्रे घेऊन तुझ्या मागे उभी होते. मला वाटलं, आता ते पुढचं वाक्य बोलतील. ते बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मग मीही बोलले नाही. तेराव्याला तू ती वही भिंतीवर फेकलीस आणि म्हणालास, "तुमच्या मेलेल्या वर्षांनी माझी आई खाल्ली." तेव्हाही मी तिथेच होते. वहीची पानं मी गोळा केली.

नंतर साडेपाच वर्षं आम्ही दोघं या घरात राहिलो. चहा, जेवण, वर्तमानपत्र, औषधं. बाबांनी वही पुन्हा उघडली नाही. त्या दुपारबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं, आज विचारतील. नाही विचारलं. तुला वाटेल की मला त्याचा त्रास झाला. सुरुवातीला झाला. मग तो कमी झाला आणि त्याच्या जागी काही आलं नाही. आताही लिहिताना माझा हात अगदी स्थिर आहे.

नेरळचं खरं कारण रमाबाई किंवा नोकरी नाही. त्यांची वाचा गेल्यापासून ते माझ्याकडे सरळ बघतात. आधी बघत नसत. दाढी करताना तोंड एवढं जवळ असतं. मला ते नको होतं.

काल तुझं पत्र वाचून झाल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. "बाबा, त्या दिवशी आईने मला हाक मारली होती. मी ऐकली होती. मी गॅलरीत उभी होते."

ते ऐकत होते. मग म्हणाले, "तीन हजार तीनशे तेरा."

रमाबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या. तो आकडा त्यांनी लिहून ठेवला नाही.

बाबांबद्दल तुला जे वाटायचं ते आता माझ्याबद्दल वाटू दे. माझ्याशी बोलायचं नसेल तर मी समजेन. बाबांशी बोलावंसं वाटलं तर रमाबाईंचा फोन नंबर वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात ठेवते आहे. त्या दिवसभर त्यांच्याजवळच असतात.

ताई


१६ ऑक्टोबर २०२५

देवू,

तुझं उत्तर आलेलं नाही. हे फक्त कळवण्यासाठी.

नेरळची खाट मी सोडली. तुझी सही असलेला फॉर्म फाडला.

त्याआधी वही घेऊन डॉ. स्पृहांकडे गेले होते. त्यांनी पान वाचलं, मग आपल्या फाइलमधले बाबांचे आकडे एकेक करून त्याच्याशी लावून बघितले. बोटाने, शाळेतल्या मुलीसारखं. शेवटी म्हणाल्या, "हे ऑगस्टमध्ये माहीत असतं तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

त्यांनी वही मिटली. का, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "उद्या त्यांना घेऊन या. मी बोलायला लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रांची कार्डं ठेवली. चावी दाखवा, म्हटल्यावर बाबांनी चावीवर बोट ठेवलं. पाऊस पडत असताना बाहेर जाताना काय घ्याल, म्हटल्यावर छत्रीवर. तुमच्या घरात कोण कोण होतं, म्हटल्यावर चार बोटं वर केली. आता कोण आहे? दोन. मग थांबून तिसरं अर्धं उचललं आणि खाली ठेवलं. ते रमाबाईंसाठी की तुझ्यासाठी, मला ठाऊक नाही.

वर्ष मात्र त्यांना आजही तेच वाटतं. पाच वर्षांची पाच कार्डं ठेवली तेव्हा त्यांनी २०२५ ला हात लावला नाही. पेन मागून घेतलं आणि डाव्या हाताने कोऱ्या कागदावर २१२ लिहिलं. अक्षर लहान मुलासारखं. डॉक्टर म्हणाल्या की काही माणसं अशी एका जागी राहतात, बाकी समज शाबूत असते. मग त्यांनी सरळ विचारलं. "आजोबा, तुम्हाला नेरळला राहायला जायचं आहे? हो असेल तर डावा हात उचला."

बाबांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा पकडला. सोडवायला रमाबाई लागल्या.

नवीन सर्टिफिकेटात "समज बऱ्याच अंशी शाबूत, वाचा बाधित, स्वतःविषयीची इच्छा व्यक्त करू शकतात" असं लिहिलं आहे. आता आठवड्यातून दोनदा बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्या "आ" काढायला लावतात. बाबांना ते आवडत नाही, तोंड फिरवतात.

एवढंच कळवायचं होतं.

ताई


३० नोव्हेंबर २०२५

देवू,

मागच्या गुरुवारी मला ताप होता, म्हणून ऑफिसातून साडेअकरालाच परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून तुझा आवाज आला. आधी मला वाटलं रेडिओ आहे.

तू बाबांना तुझ्याकडच्या समुद्राबद्दल सांगत होतास. सील येऊन वाळूत झोपतात, माणसाने जवळून गेलं तरी डोळा उघडत नाहीत. मग म्हणालास, "बाबा, इथे उन्हाळा सुरू झाला. तुम्हाला परवा फोनवर नकाशात दाखवलं होतं ना, तिथे." तू थांबलास, मग पुन्हा बोलायला लागलास. तू त्यांच्या उत्तरासाठी जागा ठेवत होतास आणि त्यांनी ती भरली नाही की पुढे जात होतास. तुला हे जमतं हे मला माहीत नव्हतं.

मी बाहेर जिन्यापाशी चपला घालूनच उभी राहिले. वीस मिनिटं. फोन बंद झाल्यावर बेल वाजवली.

रमाबाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "ताई, मी सांगणार होतंय."

"केव्हापासून चाललंय?"

"महिनो झालो. रोज. रविवार सोडून." रविवारी मी घरी असते. "तेनी सांगल्यानी, ताईंका सांगू नका. मी कोणाचा ऐकू?"

मी म्हटलं, त्यांचंच ऐका. खरंच म्हटलं, रागाने नाही. मग रमाबाईंना धीर आला आणि त्यांनी बाकीचं सांगितलं. पहिल्या दिवशी तू बराच वेळ नुसता रडलास. बाबा फोनकडे बघत बसले. तू "चूक झाली" म्हणालास. चौथ्या की पाचव्या दिवशी बाबांनी फोन हातात घेतला आणि मग रोज अकरा वाजले की काठीने जमिनीवर ठोकायला लागले. आदल्या दिवशी तू "जेवलात का" विचारलंस तेव्हा ते "भात" म्हणाले. रमाबाई म्हणाल्या, "भात जेवले नव्हते, पोळी जेवले. पण शब्द इलो."

मी इतकं घरात असून मला एक शब्द आलेला नाही. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. त्यांच्याजवळ जे काही थोडं उरलं आहे ते त्यांनी कुणाला द्यावं हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

त्यांनी मला माफ केलं का, तेही मला कळत नाही. दाढी करताना गाल अजून फुगवून देतात. काल कानामागे साबण राहिला होता, तो मी पुसला तर त्यांनी मान थोडी माझ्या हाताकडे कलती केली. कदाचित खाज आली असेल.

तू माझ्याशी बोलत नाहीस ते बरोबर आहे. सहा वर्षं तू त्यांच्याशी बोलला नाहीस, तितकी माझीही झाली पाहिजेत, असं मी मनाशी धरलं आहे. ती कुठल्या पद्धतीने मोजायची ते तू ठरव.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. रमाबाईंच्या भाचीचं लग्न कणकवलीला आहे. त्या बारा डिसेंबरला जातील आणि एकवीसला येतील. त्यांना बदली बाई मिळाली नाही, म्हणून तेवढे दिवस मी रजा घेतली आहे. त्यांचा मोबाइल त्या गावी नेणार आणि तिथे त्यांच्या घरात रेंज नाही. म्हणजे तू लावशील आणि फोन लागणार नाही. अकरा वाजले की बाबा काठी ठोकायला लागतील आणि मला त्यांना काही सांगता येणार नाही.

माझा नंबर तोच आहे, जुनाच. त्या दहा दिवसांत त्यावर लाव. मी "हॅलो" म्हणणार नाही. फोन नेऊन बाबांच्या हातात देईन आणि स्वयंपाकघरात जाईन. नळ सोडून ठेवीन, म्हणजे मला काही ऐकू येणार नाही. तुझं झालं की तू बंद कर.

ताई